बिनखुणेची मेंढी

साखऱ्यातल्या नव्या घराला गिलावा झाला, रंग झाला, आणि समोरच्या खोलीतली एक भिंत तेवढी मोकळी राहिली. दारातून आत पाऊल टाकलं की पहिली नजर तिथंच जायची. शिवहारनं त्या जागेसाठी हिंगोलीहून धबधब्याची भली मोठी फ्रेम आणून ठेवली होती. सत्यशीलाला ती पाहवत नव्हती. लग्नाला सात वर्षं झाली, पण फरशीचा रंग, दाराची दिशा, देव्हाऱ्याची जागा, सगळं तिला न विचारता ठरलं होतं. या घरात आपलं म्हणावं असं तिला काहीतरी हवं होतं. निदान ही एक भिंत.

"तिथं लेकरांच्या हातचं चित्र लावू," ती नवऱ्याला म्हणाली.

"रागिणी सहाची, प्रभू तिनाचा. निसता शेणकाला करतील," शिवहार म्हणाला. मग तिचा चेहरा बघून जरा नरमला. "कर बापा. चांगलं झालं तर लावू. न्हाई तर धबधबा हायेच."

शुक्रवारची वास्तुशांत होती. हातात चार दिवस होते.

तिनं चौकटीवर ताणलेला कॅनव्हास मागवला. चिकटकागदाच्या चार मेंढ्या कातरून त्यावर पक्क्या डकवल्या आणि लेकरांना सांगितलं, आता कुठंही रंगवा. पण सगळे रंग एकदम द्यायला ती खुळी नव्हती. पहिल्या दिवशी फक्त पिवळा, तो वाळल्यावर हिरवा, मग निळा. रागिणी स्पंजानं हळूहळू टिपत बसली. प्रभूनं स्पंज टाकला आणि कोपरापर्यंतचा हात वापरला. आईचा हात दहादा शिवशिवला, इथं जरा सारखं करू, तिथं जरा पुसू. तिनं तो पदरात गुंडाळून ठेवला. लेकराचं काम आपण सुधारायला गेलो की ते त्याचं राहत नाही, एवढं तिला कळत होतं.

गुरुवारी दुपारी तिनं कागद सोलले. हिरव्यापिवळ्या रानात चार पांढऱ्याशुभ्र मेंढ्या उभ्या राहिल्या. रागिणीनं प्रत्येक मेंढीवरून बोट फिरवून पाहिलं. सत्यशीलानं कॅनव्हास ओसरीवर टेकवून ठेवला आणि उद्याच्या स्वयंपाकाची डाळ निवडायला ती आत गेली. तिला गाणं म्हणावंसं वाटत होतं.

ती बाहेर आली तेव्हा रखमाजी, तिचे सासरे, कॅनव्हासपुढं उकिडवे बसले होते. चाळीस वर्षं मेंढरांमागं हिंडलेला माणूस. गुडघे गेले तसा कळप पुतण्या कोंडीबाच्या हवाली केला होता. त्यांच्या पुढ्यात गेरूची वाटी होती, अंगठा लाल होता आणि तीन मेंढ्यांच्या पाठीवर आडवा लाल पट्टा उठला होता.

"मामा, हे काय केलं तुमी?"

"खूण केली," म्हातारा शांतपणे म्हणाला. "बिनखुणेची मेंढरं भितीला लावाची अस्तेत का? उद्या सारी जात-भावकी येऊन राहिली. म्हनतील, रखमाजीनं कोनाची हाकून आनली."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. सासऱ्यांपुढं ती कधी आवाज चढवत नसे, आज चढला. "चार दिस लेकरं खपली, मामा. तुमी एका घडीत नासवलं. हितंबी तुमचीच खूण पायजे का? मग ती एक काहून सोडली? तीबी करून टाका."

रखमाजीनं अंगठा धोतराला पुसला. त्यांचा चेहरा पडला होता, पण ते उठले नाहीत.

"ती कशी करू? ती तुही हाय."

"माझी?"

"लगनात तुह्या बापानं मेंढी देल्ती. लेकीसंगं आल्याल्या मेंढीवर आपली खूण करत न्हाईत. मरस्तोवर ती तुह्या माहेरच्या खुणेनंच फिरली माह्या कळपात. खूण पुसट झाली की तुहा बापच येऊन करून जायचा." म्हाताऱ्यानं गेरूची वाटी तिच्याकडं सरकवली. "तो गेला. आता तुह्याबिगर कोन करनार?"

सत्यशीला खाली बसली. ती मेंढी आपली होती, हे तिला सात वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. बाप दर दिवाळीला येऊन आधी कळपाकडं का जातो, म्हणून ती रुसायची. रागिणी येऊन तिच्या पाठीला रेलली.

"आबा म्हनते तर कर ना आई."

तिनं दोन बोटं गेरूत बुडवली आणि चौथ्या मेंढीच्या मानेवर शेजारी शेजारी दोन ठिपके उमटवले, तिच्या बापाची खूण. एक ठिपका जरा ओघळला. तिनं तो तसाच राहू दिला.

शुक्रवारी चित्र भिंतीवर होतं. शिवहारनं फ्रेमचा विषय काढला नाही, खिळा मात्र त्यानंच ठोकला. त्याची आत्या नर्मदाबाई दारातच थबकली. तिनं नजरेनं मेंढरं मोजली, जशी ती आयुष्यभर मोजत आली होती.

"तीन आपली हायेत. ती चौथी कोनाची घुसली गं?"

सत्यशीला पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. ती तोंड उघडायच्या आत पाटावरून रखमाजी म्हणाले, "घुसली न्हाई. ती सत्यशीलाची हाय. घरातच अस्ते."