दोनशेपैकी सात

ग्लेंडाच्या हातातला कागद घामाने ओला झाला होता. रेडिओवरची जाहिरात विकायची, तर दुकानदारापुढे आकडे ठेवावे लागतात. म्हणून फिलिपिन्समधल्या लिपा शहराच्या बाजारात चार दिवस उन्हात फिरून तिने दोनशे जणांना एकच प्रश्न विचारला होता, "छपराचे पत्रे कुठून आणाल?"

"सात? दोनशेत फक्त सात जणांनी माझं नाव घेतलं?" पत्र्यांचे व्यापारी मांग टिबोय, म्हणजे तिथल्या बोलीत टिबोयकाका, गरजले. "खोटे आकडे रचून जाहिरात माझ्या गळ्यात मारायला आलीस होय?"

"एकसष्ट जण 'सालुद' म्हणाले," तिने कसंबसं सांगितलं.

"अगं, सालुद बंद पडून तीन वर्षं झाली! त्याचंच हे दुकान मी विकत घेतलं, नवी पाटी लावली!"

"त्यांच्या जाहिरातीचं गाणं आमच्या रेडिओवर नऊ वर्षं रोज वाजायचं."

त्यांनी कागद चुरगाळून दाराकडे बोट दाखवलं. "चालती हो!"

ग्लेंडा उठली, तेवढ्यात एक म्हातारी दारातून आत डोकावली. "काय हो सालुद, दहा फुटी पत्रे आहेत का?"

मांग टिबोयनी तो चुरगाळलेला कागद काउंटरवर हळूहळू सपाट केला.

"बस, पोरी."