सवतीची अंगाई

सासूबाईंनी गाडीचं नाव सवत ठेवलं होतं. लाल रंगाची, बुटकी, लांब नाकाची, आणि सुनेच्या आधीपासून घरात ठाण मांडून बसलेली. मागची सीट नुसती म्हणायला. एखादं लहान मूल मावलं तर मावलं. दर रविवारी मुलगा तिच्यापुढे ओणवा. "तुझ्यापुढे कधी एवढा वाकला का गं तो?" असं सासूबाई सुनेला विचारायच्या आणि स्वतःच खो खो हसायच्या.

सुनेला हसू येत नसे. बाळ झाल्यापासून तिला कशाचंच हसू येत नव्हतं. बाळ रडलं की ती घाबरायची आणि गप्प झालं की जास्तच घाबरायची. शिक्षण रसायनशास्त्राचं, त्यामुळे प्रत्येक भीतीमागे कारणही तयार. एकदा दवाखान्यातून येताना भर रस्त्यात पेट्रोल संपलं, बाळ उन्हात तापून लाल झालं, आणि तिथल्या तिथे तिने नवऱ्याला सुनावलं, "ही गाडी चालत नाही, पिते. लिटरला बारा किलोमीटर दे म्हणावं तिला, नाहीतर विकून टाक. चार दारांची, शहाण्या माणसांची गाडी आण."

"बारा? अगं, आठ देते ती. म्हातारी झालीये."

"मग म्हातारीचं पथ्यपाणी बघ."

त्याने ते मनावर घेतलं. एक दातांचे डॉक्टर या गाडीवर केव्हाचे डोळा ठेवून होते. त्यांना पुढच्या महिन्यातल्या पहिल्या रविवारी घरी बोलावलं. तोवर बारा झाले, तर डॉक्टरांना चहा पाजून परत पाठवायचं; नाही झाले, तर त्यांच्या हातात किल्ली द्यायची. अट तिची, पंच सासूबाई.

आणि नेमकी त्याच आठवड्यात माशी शिंकली. बाळ दिवसा झोपेना. खांद्यावर घ्या, मांडीवर घ्या, गाणी म्हणा, पाठ थोपटा; डोळे टक्क उघडे आणि मुठी आवळलेल्या, जणू कुणाशी भांडायला निघालंय. एका दुपारी त्याचं औषध आणायला ती त्यालाही गाडीत घालून गेली. दुकानासमोर थांबली, इंजिन चालूच होतं. त्या इंजिनाची एक खोड होती: उभं असलं की धडधडत राहायचं आणि मध्येच एक ठोका चुकायचा. मग सगळी गाडी हुडहुडी भरल्यासारखी थरथरायची. तिने आरशात पाहिलं तर मागच्या सीटवर बाळाच्या मुठी सुटलेल्या. मान कलंडलेली. झोपलं होतं!

तिने इंजिन बंद केलं. बाळाने डोळे उघडले. चालू केलं, मिटले.

त्या दिवसापासून रोज दुपारी सासूबाई जरा पडल्या की ती बाळाला घेऊन इमारतीमागच्या मोकळ्या मैदानात जाऊन उभी राहू लागली. जागरणाने डोळ्यांवर झापड असताना गाडी हाकायची तिची छाती नव्हती, आणि बाळाला हलणं नकोच होतं, धडधड हवी होती. ती पुढच्या सीटवर वळून बसायची. धुराची धास्ती होतीच. म्हणून आधी रुमाल बाहेर धरून वारा बघायची, धूर मागच्या मागे जाईल अशी गाडी लावायची, आणि दर थोड्या वेळाने पुन्हा रुमाल. पेट्रोलच्या काट्याकडे मात्र बघायची नाही. काटा हळूहळू झुकत असायचा.

इकडे नवरा हात धुऊन गाडीच्या मागे लागला होता. चाकांत हवा नीट भरली. हवेचा फिल्टर बदलला. जुना झटकला तर अंगण काळं झालं. मागचा एक ब्रेक चाकाला घासत होता, तो सोडवला. डिकीतलं ओझं काढलं, त्यात तिची छत्रीही गेली. सकाळी बाजारात जाताना तो असा गाडी चालवायचा की जणू पायाखाली अंडं ठेवलंय. आणि टाकी भरून हिशेब केला की त्याचा चेहरा उतरायचा.

"साडेसात! अगं, कमी झालं. होतं ते आठही गेलं."

"मोजण्यात चुकलं असेल."

"दोनदा मोजलं."

मग तो गाडीखाली आडवा व्हायचा, गळती शोधायला. ती टॉर्च धरून उभी. "कुठे वास येतोय का गं पेट्रोलचा?"

"नाही," ती म्हणायची. ते खरंही होतं. पण टॉर्चचा उजेड भलत्याच चाकावर पडायचा.

सांगून टाकावं असं रोज वाटे. पण काय सांगणार? आपणच घातलेली अट आपणच बुडवतोय? की एवढी शिकलेली आई, आणि हिला पोर झोपवायला इंजिन लागतं? सासूबाई तर म्हणतीलच, सवतीने पोर झोपवलं बाई! आणि गाडी गेली तर दुपारी त्या टक्क डोळ्यांसमोर आपण एकटीने बसायचं. म्हणजे गाडी राहायला हवी होती, आणि ती घालवायलाही तीच निघाली होती. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

"तू हल्ली गाडीला वाईट बोलत नाहीस," एकदा सासूबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या. "दोघींचं जमलं की काय?"

"कसलं जमतंय! जाऊ दे एकदाची," ती म्हणाली, आणि दूध उतू जाऊ दिलं.

शेवटच्या शनिवारी नवऱ्याने सुट्टी काढली. कार्बुरेटर उघडला, धुतला, पुसला. प्लग नवे, वायरी नव्या. दुपार कलताना त्याने हाक मारली, "अगं, ऐक जरा!"

ती बाळाला घेऊन बाहेर आली. "काय ऐकू?"

"तेच तर! चालू आहे इंजिन."

धडधड नव्हती. चुकणारा ठोका नव्हता. शिवणयंत्रासारखा एक बारीक, सरळ आवाज. तिने बाळाच्या मुठींकडे पाहिलं.

"चल, आत्ताच टाकी भरून हमरस्त्याला फेरी मारू. तूही बस, तुझ्या डोळ्यांदेखत मोजतो."

पंपावर टाकी काठोकाठ भरली आणि ते निघाले. बाळ मागे टक्क जागं. थोड्या वेळाने कुरकुर, मग रडं, मग असा टाहो की ओठ निळे. ती पुढून वळून त्याचा पाय धरून बसली. "कधी नव्हे ते शांत चालतेय, आणि याला काय झालं?" नवरा म्हणाला, पण त्याचं सगळं लक्ष काट्याकडे. परत त्याच पंपावर आले. टाकी पुन्हा काठोकाठ. त्याने भागाकार केला, पुन्हा केला.

"तेरा! अगं, बारा नाही, तेरा! जिंकलो!" पंपावरची माणसं वळून बघू लागली. "आणि तू का रडतेस?"

मग तिने सांगितलं. मैदान, दुपार, रुमाल, सगळं एका दमात, बाळाच्या रडण्यावर आवाज चढवत.

त्याने गाडी पंपाबाहेर काढून एका रिकाम्या पटांगणात उभी केली आणि इंजिन बंद केलं.

"म्हणजे मी खाली पडून गळती शोधत होतो," तो म्हणाला, "आणि गळती टॉर्च धरून उभी होती."

तिने मागे वळून बाळाचा पाय पुन्हा धरला.

"माझ्या हातातलं कसबच गेलं, असं वाटायला लागलं होतं गं मला. एवढं तरी सांगायचंस."

"काय सांगू? माझ्याजवळ झोपत नाही ते. हिच्याजवळ झोपतं."

मागून नवा टाहो आला. त्याने डोळे मिटले, उघडले, आणि पेचकस घेऊन उतरला. बॉनेट वर करून त्याने कार्बुरेटरच्या स्क्रूला पेचकस लावला.

"इंजिन चालू कर. आणि माझ्याकडे नको बघूस, त्याच्याकडे बघ. सांग."

इंजिनाचा आवाज जरा जाड झाला. "नाही," ती म्हणाली. अजून जाड. "नाही. थोडा अजून."

"याच्यापुढे बंद पडेल ती!"

"पडू दे. अजून."

गाडी थरथरली. एक ठोका चुकला. मग पुन्हा. बाळ हुंदका अर्धा ठेवून थांबलं, ऐकू लागलं. एक मूठ सुटली. मग दुसरी.

"थांब! तिथेच!"

"नेलपॉलिश आहे का तुझ्याकडे?"

पर्सच्या तळाशी एक सुकत आलेली बाटली निघाली. त्याने स्क्रूपाशी दोन ठिपके दिले. "हा पळायचा, हा झोपायचा. वापरून झालं की स्क्रू परत फिरवायचा. उद्या तुला शिकवतो."

"उद्या डॉक्टर येणारेत."

"चहा पाजू त्यांना. तेरा झालेत."

"आणि आईंना काय सांगायचं?"

"आधी मला पचू दे," तो म्हणाला. पण ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं होतं.

तो आत येऊन बसला. गाडी धडधडत होती. बाळाचा श्वास एका लयीत चालला होता, आणि कितीतरी दिवसांनी तिच्या पापण्या आपोआप जड होऊ लागल्या. मग तिने दचकून काच जराशी खाली केली आणि रुमाल बाहेर धरला.

"ऐक ना. वारा फिरलाय. गाडी जरा वळवून लाव."

"आत्ता? झोपलंय गं ते."

"म्हणूनच," ती म्हणाली.