आले गं, आले

शाळांच्या पोरांना जंगल दाखवणाऱ्या जंगलताईंना डोकी मोजायचा भारी तिटकारा. पोरं काय एका जागी उभी राहतात होय? एक खाली वाकतं, दुसरं दोनदा पुढे येतं, आणि तेवीसची कधी बावीस होतात तर कधी पंचवीस. म्हणून ताईंनी जोड्यांची पद्धत काढली होती. शाळेची बस जंगलाकाठच्या निसर्ग केंद्रावर आली की प्रत्येक पोराला एक जोडीदार नेमून द्यायचा. मग जंगलात दर थांब्यावर ताई एवढंच विचारणार, "कुणाचा जोडीदार दिसत नाही?" ज्याचा दिसत नसेल त्यानं बोंब मारायची. बोंब नाही आली, की चला पुढे. आठ वर्षं त्यांनी सहली फिरवल्या, पण एक पोर कधी मागे राहिलं नाही. दुसऱ्या केंद्रांवरचे लोक ही पद्धत शिकायला यायचे, तेव्हा ताईंची मान जरा ताठ व्हायची. खोटं कशाला सांगा!

त्या दिवशी चौथीची तेवीस मुलं आली. अकरा जोड्या लागल्या आणि एक मुलगी उरली. पीटीचे सर हसत म्हणाले, "ही आमची काका. दिवसभर नुसतं 'का? का?' चालू असतं, म्हणून पोरांनी हे नाव ठेवलंय. कान किटतात हो, हिच्याशी जोडी लावायला कुणी तयार होत नाही."

"तुला चालतं का गं, काका म्हटलेलं?" ताईंनी विचारलं.

"का नाही चालणार?" मुलगी म्हणाली.

ताईंना हसू फुटलं. "बरं, मग तुझी जोडी माझ्याशी." तिच्या दप्तराचा पट्टा तुटला होता, म्हणून तिची पाण्याची बाटली ताईंनी आपल्याच पाठपिशवीत टाकली.

निघण्याआधी केंद्राच्या खोलीत ताईंनी भिंतीवरच्या चित्रांसमोर सगळ्यांना बसवून नियम घोकून घेतले. साप चावला तर काय करायचं? पळायचं नाही, चालायचं नाही, जागेवर बसायचं आणि जोडीदाराला हाक मारायची. पोरं एका सुरात ओरडली. काकानं तेवढ्यात विचारलं, "चालायचं का नाही?" चाललं की विष अंगात लवकर भिनतं, ताईंनी सांगितलं. तिनं ते वहीत लिहून घेतलं.

जंगलात शिरल्यापासून पोरीनं ताईंचा पिच्छा सोडला नाही. मुंग्या रांगेत का जातात, साल का सोलवटते, हे झाड वाकडं का वाढलं. पहिल्या तासात ताईंना कौतुक वाटलं, दुसऱ्या तासात डोकं ठणकायला लागलं. मग आली गुपचूप बैठक. यात प्रत्येकानं एकेका झाडाखाली दहा मिनिटं एकट्यानं बसायचं आणि कानावर येतील ते आवाज कागदावर लिहायचे. ताईंनी काकाला वळणापलीकडचं, सगळ्यात लांबचं झाड दिलं. "बाई माझे, दहा मिनिटं मला श्वास घेऊ दे," असं हात जोडून म्हणाल्यासुद्धा. काका खुदकन हसली आणि बसली.

दहा मिनिटांनी ताईंनी शिट्टी फुंकली. झाडाझाडाआडून पोरं धावत आली. तेवढ्यात वळणापलीकडून हाक आली, "ताई!" आवाज ओळखायला वेळ लागला नाही. आली बया नवा प्रश्न घेऊन, असं मनात म्हणत ताईंनी तिकडे न बघताच उत्तर दिलं, "आले गं, आले!" गॅसवर दूध चढत असताना दारातल्या माणसाला म्हणतात ना, तसं. त्याच क्षणी दोन पोरं एका काठीवरून एकमेकांच्या उरावर बसली. त्यांना सोडवता सोडवता ताईंच्या तोंडचं पाणी पळालं, काठी पोराच्या डोळ्यापासून बोटभर राहिली होती. दोघांना दटावून, रांग लावून त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "कुणाचा जोडीदार दिसत नाही?"

बावीस पोरांनी शेजारी बघितलं. अकरा जोड्या जागच्या जागी होत्या. बोंब मारणार कोण? तेविसावीची जोडीदार तर प्रश्न विचारत उभी होती. सर रांगेच्या पुढे, ताई मागे, आणि सगळे गाणी म्हणत ओढ्याकडे उतरले.

ओढ्यावर भिंगातून पाण्यातले किडे बघण्यात अर्धा तास गेला. ताईंना तहान लागली. त्यांनी पिशवीत हात घातला, तर हाताला निळी बाटली लागली, तिच्यावर फुलपाखराचं स्टिकर. क्षणभर त्यांना कळेचना, ही कुणाची. मग कळलं. "सर, पोरं सांभाळा आणि जीप वरच्या रस्त्यावर बोलवा!" एवढं ओरडून त्या चढणीला लागल्या. पन्नाशीची बाई, पण अशी धावली की वाटेत दोनदा गुडघे फुटले तरी तिला पत्ता नव्हता.

काका त्याच झाडाला टेकून बसली होती. पाय सरळ पुढे, मांडीवर कागद. घोट्याजवळ दोन बारीक ठिपके, सूजसुद्धा फारशी नाही. पण पापण्या अर्ध्यावर लोंबत होत्या आणि जीभ जड झाली होती. हे विष कसं चढतं ते ताईंना पक्कं ठाऊक होतं.

"मी चालले नाही," काका म्हणाली. "ताई, तुम्ही 'आले' म्हणालात ना, म्हणून परत हाक नाही मारली."

ताईंनी तिला उचललं. जीपमध्ये त्या सारखं बोलत राहिल्या, विचार गं काहीतरी, विचार ना. पोरगी काही विचारत नव्हती. दवाखान्याच्या फाटकाशी तिचा श्वास बंद पडला. डॉक्टरांनी तासभर खटपट केली. बाहेर आल्यावर ते म्हणाले, "अर्ध्या तासापूर्वी आणली असती तर..." आणि हात पुसत आत निघून गेले.

चौथ्या दिवशी केंद्राचे साहेब आणि ताई तिच्या आईकडे गेले. जीपमध्ये साहेबांनी अहवाल वाचून दाखवला. 'विद्यार्थिनीने मदतीसाठी हाक मारल्याचे कोणीही ऐकले नाही.' बावीस मुलांना विचारलं होतं, एकालाही हाक आठवत नव्हती. "तुम्हीही एवढंच म्हणा," साहेब म्हणाले. "गेलेली पोर काही परत यायची नाही. केंद्र बंद पडलं तर बारा जणांच्या घरच्या चुली विझतील, त्यात तुमचीही." ताईंच्या घरी अंथरुणाला खिळलेला नवरा होता.

आई कपडे शिवायची. एका खोलीचं घर, खिडकीशी शिलाई मशीन, सुईखाली अर्धवट राहिलेली बाही. कोपऱ्यात तुटक्या पट्ट्याचं दप्तर. साहेब खुर्चीच्या टोकावर बसून अहवालातलं वाक्य सौम्य आवाजात बोलले. आईनं मान हलवली.

"माझंच चुकलं," ती म्हणाली. "झोपेतसुद्धा बडबडायची हो ती. आदल्या दिवशी मीच ओरडले तिला, जंगलात तरी तोंड बंद ठेव, ताईंना त्रास देऊ नकोस. तिनं ऐकलं माझं. साप चावला तरी गप्प बसली. मी गप्प केलं तिला."

ताईंना वाटलं, आता नाही बोलले तर ही बाई मरेपर्यंत हेच म्हणत राहील.

"ती गप्प नव्हती बसली," ताई म्हणाल्या. "हाक मारली तिनं. मी ऐकली."

साहेबांनी त्यांच्याकडे बघून डोळे मोठे केले. ताई थांबल्या नाहीत. "मला वाटलं, प्रश्न विचारायचा असेल. 'आले गं, आले' म्हणाले. आणि नाही गेले. तिची जोडीदार मी होते."

आईनं ओरडायला हवं होतं, अंगावर धावून यायला हवं होतं. ताई त्याचीच वाट बघत होत्या. आईनं बाहीवरचा एक दोरा बोटानं सुटा केला.

"म्हणजे ती वाट बघत बसली," ती म्हणाली. "बसणारच. मशीनवर असले की मी पण तेच म्हणायचे, 'आले गं, आले'. पण नऊ वर्षांत मी 'आले' म्हणाले आणि गेले नाही, असं एकदाही झालं नाही."