फीड किती ठेवलंय?

हीना शेखचा व्हॉट्सॲपवर भारी राग. पिंपळे गुरवात राहणारी, घरात बसून लोकांच्या वेबसाइटी बांधणारी मुलगी ही. तिला एकदा या विषयावर छेडावं आणि चहा गार होईपर्यंत ऐकत बसावं. ‘‘सकाळी उठलं की सत्तर गुलाबाची फुलं, त्याखाली कामाची एक ओळ! ती शोधायची कुणी?’’ असं ती म्हणायची, आणि खरं सांगायचं तर चुकीचं काही म्हणत नव्हती.

तिचं लाडकं म्हणजे फीड. वेबसाइट आपल्या दाराशी एक साधी यादी टांगून ठेवते, नवं आलेलं सगळ्यात वर. आपण सवडीनं डोकवायचं, वाचायचं, निघून जायचं. कुणी फोन नंबर मागत नाही, कुणी ‘तुम्हाला हेही आवडेल’ म्हणत गळ्यात पडत नाही. याच धंद्यातले ओळखीचे हसायचे, ‘‘हीना, हे जुनंपुराणं आता वापरतं कोण?’’ तिनं मात्र घरच्या कंप्युटरवर स्वतःच एक फीड वाचणारा प्रोग्रॅम लिहिला होता. पाणी कधी येणार नाही, विजेचं काम कुठल्या गल्लीत आहे, सगळं त्यात. शिवाय फॉर्मला लागणारा फोटो पन्नास केबीत बसवून देणारं एक पानही तिनं बनवलं होतं. अख्खी बिल्डिंग ते वापरायची आणि तरी दर वेळी तिलाच विचारायची, ‘‘कुठे दाबायचं गं?’’

तर झालं असं, की तिची धाकटी बहीण खुशनुमा नर्सिंगच्या प्रतीक्षा यादीत चौदावी लागली. निगडीच्या पुढचं कॉलेज, गेल्या वर्षी थोडक्यात हुकलेलं. यंदा हुकलं तर पुन्हा परीक्षा द्यायची ताकद नाही, हे तिनं घरात एकदाच सांगितलं होतं आणि सगळ्यांना ते पुरलं होतं. पुढची यादी साइटवर लागणार, लागल्यावर दोन दिवसांत जाऊन हजर व्हायचं. नाही तर जागा मागच्याला.

इच्छुकांचा व्हॉट्सॲपवर एक ग्रुप होता. त्यात ‘यादी लागली’ म्हणून चारदा खोटी आवई उठली, चारही वेळा खुशनुमा रडकुंडीला आली. तेव्हा हीनानंच तिला त्या ग्रुपातून बाहेर काढलं. ‘‘सोड ते. कॉलेजच्या साइटला फीड आहे. यादी लागली रे लागली की माझा कंप्युटर ओरडेल.’’

खुशनुमानं विश्वास ठेवला. मोठी बहीण, शिवाय याच कामाचं खाणारी. न ठेवून करते काय?

आठ दिवस झाले, कंप्युटर ओरडला नाही. पडद्यावर एकच ओळ, ‘नवीन काही नाही.’ मंगळवारी खुशनुमा म्हणाली, ‘‘दीदी, मी मोबाइलवर बघत होते, साइटच उघडत नाहीये.’’ हीना मान वर न करता म्हणाली, ‘‘सर्व्हर ढिला असेल गं त्यांचा. फीड सांगेल ना.’’

बुधवारी दुपारी ती अब्बांचा डबा घेऊन भोसरीला गेली. इकबाल शेख चाळीस वर्षं टर्नरचं काम करणारे; दोन लेथ मशीन आणि एक पंखा एवढा त्यांचा कारखाना. लेकीचा चेहरा बघून त्यांनी मशीन थांबवलं.

‘‘काय झालं गं? तोंड का उतरलंय?’’

‘‘काही नाही अब्बा. आठ दिवस फीड नुसतं गप्प आहे.’’

लेथवर फीड म्हणजे फिरत्या लोखंडात टूल किती वेगानं पुढं सरकवायचं ते. इकबालभाईंना दुसरं फीड ठाऊकच नव्हतं. कपाळाला आठ्या घालून त्यांनी धंद्याचा प्रश्न विचारला.

‘‘फीड किती ठेवलंय?’’

हीनाला हसू आलं. ‘‘मिनिटाला एकदा.’’

‘‘मिनिटाला? आणि किती दिवस?’’

‘‘आठ दिवस. दिवसरात्र.’’

‘‘कुठल्या शहाण्यानं सांगितलं तुला? एवढं फीड देत राहिलीस तर टूलची टिप उडणारच. लोखंडाचा कीस पडतोय का?’’

‘‘अब्बा, अहो, ते फीड वेगळं...’’

‘‘वेगळं असू दे. मशीन फिरतंय, आवाज येतोय, म्हणजे काम चाललंय असं नसतं बाळा. टूल तुटलं तरी मशीन फिरतंच. कीस पडत नसला की बंद करायचं आणि वाकून बघायचं. तू वाकून बघितलंस का?’’

हीनाचं हसू जागच्या जागी विरलं.

नव्हतं बघितलं. मिनिटामिनिटाला दार वाजवणाऱ्याला कुठलीही शहाणी साइट एक दिवस दारातच अडवते, हे ती स्वतः गिऱ्हाइकांना समजावून सांगायची. आणि उत्तर आलं नाही तर कटकट नको म्हणून ‘नवीन काही नाही’ एवढंच लिहायचं, हेही तिनंच प्रोग्रॅमला शिकवलं होतं. घरचं इंटरनेट अडवलेलं, म्हणून त्यावरच चालणाऱ्या खुशनुमाच्या मोबाइलवरही साइट उघडत नव्हती. या अल्ला!

तिनं तिथंच, आपल्या फोनच्या डेटावर साइट उघडली. लगेच उघडली. यादी सोमवारी संध्याकाळीच लागली होती. शेख खुशनुमा इकबाल. मूळ कागदपत्रांसह बुधवारी चार वाजेपर्यंत.

पावणेदोन वाजले होते. हीनानं गाडीची किल्ली उचलता उचलताच खुशनुमाला फोन केला, यादी लागलीय, कागदांची फाइल घेऊन खाली ये.

‘‘जा,’’ अब्बा म्हणाले. ‘‘डबा मी खातो. तू जा.’’

नाशिक फाट्याच्या गर्दीला त्या दिवशी तिनं ज्या शिव्या घातल्या त्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत. खुशनुमा बिल्डिंगच्या फाटकातच उभी होती, कागदांची फाइल प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून छातीशी धरलेली.

‘‘माझं चुकलं,’’ हीना म्हणाली. ‘‘सगळं माझंच चुकलं. ग्रुपात असतीस तर सोमवारीच कळलं असतं तुला.’’

‘‘ते नंतर. आधी गाडी चालव.’’

कॉलेजात पोचायला सव्वातीन झाले. खिडकीमागं सुमनताई बसल्या होत्या, प्रवेशाचं काम बघणाऱ्या. बाकावर दोन मुली आपापल्या वडलांबरोबर ताटकळत होत्या. प्रतीक्षा यादीतली पंधरावी आणि सोळावी. खुशनुमाचं नाव ऐकल्यावर त्यातली एक उठली आणि कुणाकडे न बघता बाहेर निघून गेली. हीनाला ते फार लागलं.

सुमनताईंनी एकेक कागद उलटसुलट पाहिला, मग शिक्का उचलून ठाप्‌कन मारला. ‘‘झाला बाई प्रवेश. एवढा उशीर कशाला करायचा?’’

खुशनुमाचा जीव भांड्यात पडला तो असा, की ती खिडकीला डोकं टेकून सरळ रडायलाच लागली. हीनाही रडली. रडता रडता दोघींना हसू फुटलं.

‘‘साइट उघडत नव्हती आमच्याकडे,’’ खुशनुमा डोळे पुसत म्हणाली.

‘‘उघडते की! एक कोण तरी येडं मिनिटामिनिटाला दार वाजवत होतं म्हणे, रात्री तीनलासुद्धा. आमच्या कंप्युटरवाल्यानं त्याला तेवढं बंद करून टाकलं.’’

हीना आपल्या चपला न्याहाळू लागली. खुशनुमानं तिच्याकडे असं बघितलं, की हा विषय आता तिच्या लग्नापर्यंत निघत राहणार हे नक्की झालं.

बाहेर गुलमोहराखाली गाडी लावून दोघींनी उसाचा रस घेतला. हीनानं फोनवरूनच घरच्या कंप्युटरला सांगितलं, दार दिवसातून दोनदाच वाजवायचं. आणि कुणी आत घेतलं नाही, तर तसं स्पष्ट लिहायचं, कितीही कटकट होवो. मग अब्बांना फोन लावला. पलीकडे लेथची घरघर चालू होती.

‘‘झाला अब्बा. प्रवेश झाला!’’

घरघर थांबली. इकबालभाईंनी नाक ओढलं, ते स्पष्ट ऐकू आलं.

‘‘आणि तुझं ते फीड?’’ त्यांनी विचारलं. ‘‘कमी केलंस का?’’

‘‘केलं अब्बा.’’

‘‘कीस पडतोय?’’

हीनानं खुशनुमाकडे पाहिलं. रसाचा ग्लास एका हातात आणि शिक्का मारलेला कागद दुसऱ्या हातात धरून ती तो चौथ्यांदा वाचत होती.

‘‘पडतोय,’’ हीना म्हणाली. ‘‘वाकून बघतेय मी.’’