तळमजल्यापासून वाचावे

लिफ्टमामाचा हात असा होता, की बंद पडलेली लिफ्ट त्याची चाहूल लागताच निम्मी दुरुस्त व्हायची. आणि कान तर त्याहून तयार. लिफ्टच्या टपावर चढून नुसता कान लावला, की कुठलं चाक तेल मागतंय ते छातीठोक सांगायचा.

पण मन मात्र भलतीकडेच. खिशात पान्यापेक्षा पेन्सिली जास्त. लिफ्टच्या मोटारखोलीच्या भिंती म्हणू नका, सुट्या भागांची खोकी म्हणू नका, जेवणाच्या डब्याचं झाकण म्हणू नका, जिथे बोटभर जागा दिसेल तिथे हा चित्र काढून मोकळा.

लिफ्टमध्ये माणसं अडकली की आत नुसता कालवा. मग हा काम करता करता एकेक चित्र काढायचा आणि दाराच्या फटीतून आत सरकवायचा. पहिल्या चित्रात जाड्या माणूस गाढवावर बसलाय. दुसऱ्यात गाढव दमलंय. तिसऱ्यात गाढव जाड्यावर बसलंय. आतली रडारड थांबून खिदळणं सुरू. एकदा बँकेचा एक मॅनेजर अडकला. दार उघडलं, तर गडी बाहेर यायलाच तयार नाही! "आधी गाढवाचं पुढे काय झालं ते सांगा," म्हणून कोपऱ्यात मांडी ठोकून बसला. शेवटी त्याच्या बायकोने येऊन कान धरून बाहेर काढला, तेव्हा कुठे लिफ्ट रिकामी झाली.

त्याच संध्याकाळी लिफ्टमामाने पाना साहेबांच्या टेबलावर ठेवला. "साहेब, मी निघालो. आता चित्रकथा काढणार."

साहेबांनी त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. "ताप तर नाही. बरं, जा. पाना इथे खिळ्याला टांगून ठेवतो. येशीलच तू."

घरी बायकोच्या हातात कात्री होती. ती लोकांचे केस कापायची, आणि त्या वेळी आपल्या आईचे कापत होती.

"अहो, डोकं ठिकाणावर आहे ना?"

"मी लग्नातच म्हटलं होतं," सासूबाई मान न हलवता म्हणाल्या, "मुलाचं सारखं वर-खाली चालू असतं."

"लोक लिफ्टमधून बाहेर यायला तयार नाहीत गं, माझी चित्रं सोडून!"

बायकोने कात्री खाली ठेवली. "एक संधी देते. तुम्ही वाचता त्या मासिकाच्या संपादिकाबाईंनी तुमची गोष्ट घेतली, तर काढा जन्मभर चित्रं, मी ब्र काढणार नाही. नाही म्हणाल्या, तर दुसऱ्या दिवशी मुकाट्याने तो पाना हातात. कबूल?"

"कबूल," लिफ्टमामा म्हणाला आणि त्याने लगेच जीभ चावली. कारण ही बाई चित्रकथांचं विनोदी मासिक चालवायची खरी, पण तिला हसताना कुणी पाहिलं नव्हतं. म्हणे जन्मली तेव्हा रडलीसुद्धा नाही, नुसतं सुईणीकडे बघून "पुढे?" असं विचारलं.

लिफ्टमामा कामाला लागला. त्याची एक खोड होती. तो सगळं जग खालून वर मोजायचा. घरातल्या कपाटाचा खालचा कप्पा म्हणजे तळमजला, तिथे मोजे. टॉवेल पहिल्या मजल्यावर, शर्ट त्याच्या वर. तर मग गोष्ट तरी दुसरीकडून कशी सुरू होणार? त्याने भिंतीला छतापासून जमिनीपर्यंत कागदाची लांब पट्टी चिकटवली आणि पहिलं चित्र अगदी तळाला काढलं. दुसरं त्याच्या डोक्यावर. तिसरं त्याच्याही डोक्यावर. पुढे पुढे शिडी लागली. सासूबाई रोज खुर्ची टाकून बघायच्या. चित्रं त्यांच्यासमोरच एकेक मजला चढत होती, त्यामुळे यात काही वावगं आहे असं घरात कुणाच्याच मनात आलं नाही.

गोष्ट होती ढोल्याची. काडीसारखा हडकुळा ढोल्या शहरात येतो, एक पाव गिळतो. मग बेकरी गिळतो. मग प्रवाशांनी भरलेली बस गिळतो. बस घशात अर्धी गेलेली असताना ड्रायव्हर खिडकीतून विचारतो, "अहो, तिकीट काढलंत का?"

"जावईबापू, पोट फुगवा आणखी," सासूबाई खालून ओरडल्या. "एवढ्याशा पोटात बस मावायची नाही."

शेवटी, सगळ्यात वर, एक म्हातारी शिंपीण ढोल्याच्या पोटात सुई खुपसते. टुच्च! आणि धडाम! ढोल्याच्या चिंध्या आभाळभर.

"ही बया माझ्यासारखी दिसते," सासूबाई म्हणाल्या.

"छे हो, काहीतरीच तुमचं."

पट्टी भिंतीवरून काढताना लिफ्टमामाने वाचकांच्या सोयीसाठी एक सूचना लिहिली, 'तळमजल्यापासून वाचावे'. कुठे लिहिली? तळमजल्यावरच की. इमारतीत पाट्या तिथेच असतात.

मासिकाची कचेरी उंच इमारतीत. लिफ्टमामा लिफ्टमध्ये शिरला आणि पाठोपाठ संपादिकाबाई. दार मिटलं, लिफ्ट चढली, आणि दोन मजल्यांच्या मध्ये गचकन थांबली.

बाईंनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "तुम्ही कोण?"

"चित्रकार."

"म्हणजे काही उपयोग नाही. लिफ्टवाल्याला फोन करते."

लिफ्टमामाचा जीव कासावीस झाला. समोर बंद लिफ्ट आणि हात शिवशिवताहेत. "लिफ्टवाला... मीच आहे. म्हणजे होतो."

"एक काय ते ठरवा हो."

त्याने कागदाची गुंडाळी बाईंच्या हातात कोंबली. "हे वाचा तोवर!" आणि छताचं झाकण उघडून तो टपावर चढला.

बिघाड किरकोळ होता. पण तार जोडता जोडता त्याच्या कानावर आवाज आला. कुईंक. जुन्या सवयीने खिशात असलेली तेलाची कुपी काढून त्याने लगेच वरच्या चाकाला तेल दिलं. कुईंक, कुईंक. दुसऱ्या चाकाला दिलं. कुईंक-कुईंक-कुईंक! आता मात्र तो चक्रावला. असा गंजका आवाज त्याने जन्मात ऐकला नव्हता. त्याने होतं नव्हतं ते तेल सगळीकडे ओतलं, तारांना दिलं, रुळांना दिलं, घाईत स्वतःच्या बुटांनाही दिलं. आवाज वाढतच चालला.

हरून त्याने झाकणातून खाली डोकावलं. संपादिकाबाई जमिनीवर बसल्या होत्या. पट्टी गळ्याभोवती, चष्मा कपाळावर, डोळ्यांतून धारा. आणि तो गंजका आवाज त्यांच्याच तोंडातून येत होता. इतक्या वर्षांत तिथे कुणी तेल दिलंच नव्हतं ना.

"बाई, लिफ्ट झाली चालू."

"चालू करू नका! अजून दोन चित्रं राहिलीत!" त्या डोळे पुसत म्हणाल्या. "काय माणूस आहे हो हा ढोल्या! सुरुवातीलाच आभाळातून चिंध्या गोळा होतात आणि धडाम करून हा तयार. मग ती गुणी म्हातारी त्याच्या पोटातली सुई काढते. आणि हा सज्जन मुकाट्याने बस परत करतो, बेकरी परत करतो, पावसुद्धा परत! वर तो ड्रायव्हर त्यालाच विचारतो, तिकीट काढलंत का? आणि आता बिचारा हडकुळा होऊन, उलट्या पावली... कुईंक!"

लिफ्टमामाचे डोळे पांढरे झाले. "बाई, तुम्ही वरून खाली वाचलंत!"

"मग काय शीर्षासन करून वाचू?"

"खाली लिहिलंय ना!"

बाईंनी तळाची ओळ वाचली. मग गोष्ट खालून वर वाचली. चढता चढता त्यांचा चेहरा उतरला. "भुकेला माणूस. दोन घास खातो आणि फुटून मरतो. यात हसायचं काय? हे मी छापणार नाही. वरून वाचायची असेल तर आत्ता घेते. बोला."

लिफ्टमामा टपावर उकिडवा बसला. आपण एवढी शिडी चढून रचलेली गोष्ट, आणि ही बाई ती पार उलटी करून टाकते! तोंडापर्यंत "नाही" आलं होतं. तेवढ्यात त्याला आठवला तो आवाज. आपल्या गोष्टीमुळे गंज उतरलेला पहिला माणूस खाली बसला होता, आणि त्याला एक थेंबही तेल लागलं नव्हतं.

"वरून," तो म्हणाला. "पण तळाची पाटी तशीच ठेवा."

"ती कशाला काढू? सगळ्यात मोठा विनोद तोच आहे."

अंक निघाला आणि शहरभर लोक वरून खाली खिदळत सुटले. सासूबाईंनी चार घरं फिरून आपण सुई काढणारी गुणी म्हातारी असल्याचं जाहीर केलं. बायकोने शब्द पाळला, ब्र काढला नाही, फक्त शेजारणीला अंक तिनेच आधी नेऊन दिला.

सकाळी फोन वाजला. लिफ्टच्या कचेरीतून साहेब. रडून रडून घसा बसलेला.

"अरे, मारलास का रे ढोल्याला? आम्ही सगळे इथे रडतोय. चहा कुणाच्या घशाखाली उतरत नाही!"

लिफ्टमामाने कपाळाला हात लावला. लिफ्टवालेच ते, खालून वाचणारच. "साहेब, वरून खाली वाचा."

पलीकडे कागदाची सळसळ. मग खुर्ची उलटल्याचा आवाज, आणि साहेबांचं खो-खो हसणं.

"साहेब, आणि तो पाना?"

"तो काढला की आत्ताच," साहेब धापा टाकत म्हणाले. "तिथे ढोल्याला टांगतोय. खिळा एकच आहे इथे."