मार्गासनीचं हरीण

मी एक जुनं भिंग आहे, मित्रांनो. माझ्या काचेच्या कडेचा टवका उडाला आहे आणि मूठही माझी मूळची नाही. पितळी मूठ तुटली तेव्हा चिमाजी सुतारानं ही सागवानी बसवून दिली. मी आयुष्यात फार काही केलं नाही. लहान गोष्ट मोठी करून दाखवली, एवढंच. बघायचं काम नेहमी दुसऱ्याचं.

भोरच्या बाजारपेठेत एका घड्याळजीकडे मी बरीच वर्षं होतो. त्यानं दुकान बंद केलं, तेव्हा एसटीतले कंडक्टर कुंडलिकराव मला घरी घेऊन आले. ते भोर-वेल्हे गाडीवर असत. सीटखाली पडलेल्या रिकाम्या काड्यापेट्या ते खिशात घालत. घरी त्या पाण्यात भिजवून वरचा चित्राचा कागद, म्हणजे छाप, अलगद सोडवत आणि वर्तमानपत्रावर वाळवत. मग माझं काम सुरू होई.

छाप एकसारखे दिसत, पण सगळे तसे नसत. कारखान्यातला ठसा झिजला की नवा करत, आणि नव्यात काहीतरी बदलून जाई. मोराचं एक पीस कमी होई, जहाजाचा झेंडा दुसऱ्या बाजूला फडके. असे छाप क्वचितच हाती लागत. कुंडलिकराव त्यांना भावंडं म्हणत. वही लहान, म्हणून एक छाप वहीत चिकटवून त्याचं भावंड ते पत्र्याच्या डब्यात ठेवत. वहीत खाली बारीक पेन्सिलीनं नोंद करत.

त्यांची मुलगी प्रेरणा आठ वर्षांची असताना त्यांनी मला तिच्या हातात दिलं आणि दोन छाप पुढे ठेवले. तिनं नजर फिरवली.

“दोनी सारकीच तर हायती, अण्णा.”

“घाई नगं करू. परत बघ.”

पण बाहेर लगोरी मांडली होती. जेमतेम दहा मोजेपर्यंत मी तिच्या हातात होतो. अण्णा हसले आणि एकटेच बघत बसले.

प्रेरणा शिकली, पुण्यात नोकरीला लागली. कुंडलिकराव निवृत्त झाले आणि त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. मी माझ्या परीनं अक्षरं मोठी करत होतो, पण धुकं मोठं केलं तरी धुकंच राहतं. एक दिवस त्यांनी मला औषधांच्या डब्यांमागे ठेवलं. मी दोन वर्षं तिथेच होतो.

यंदा जानेवारीत कुंडलिकराव गेले. तेराव्यानंतर प्रेरणा आवरायला बसली. डब्यात तिला वहीतलीच चित्रं पुन्हा दिसली. जादा असतील, असं तिला वाटलं. तिची शाळासोबतीण शिवानी भेटायला आली होती. ती वेल्ह्याच्या अलीकडच्या एका शाळेत शिकवते. मुलांना ‘टाकाऊतून टिकाऊ’साठी रंगीत कागद हवे होते. अण्णांना आवडलं असतं, असं म्हणत प्रेरणानं तिला डबा देऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती वही घेऊन बसली. नोंदी वाचता येईनात, तेव्हा तिला माझी आठवण झाली. तिनं मला ओढणीनं पुसलं आणि हरणाच्या छापाखाली धरलं. अण्णांचं अक्षर वर आलं : ‘याच्या तोंडात पान नाही. पानाचं डब्यात. एकदाच मिळालं. मार्गासनी थांबा.’

तिनं मला हरणावर धरलं. त्याचं तोंड रिकामं होतं. तिनं पान उलटलं, मग पुढचं. ‘डब्यात.’ ‘डब्यात.’ तिनं मला वहीवर ठेवलं आणि फोन उचलला.

शिवानीचा फोन नुसता वाजत राहिला. फुलाबाई, म्हणजे प्रेरणाची आई, स्वयंपाकघराच्या दारात आली. प्रेरणानं काय झालं ते सांगितलं.

“इतकी वर्सं म्या त्या डब्याला हात लावला न्हाई,” आई म्हणाली. “जा. जेवान ऱ्हाऊ दे.”

कार्यानुभवाचा तास खिचडीनंतर, दोन वाजता असतो, हे शिवानीनं सांगितलं होतं. तेव्हा पाऊण वाजून गेला होता. स्कूटरच्या हँडलला अडकवलेल्या पर्समध्ये मी किल्ल्यांवर आपटत होतो. चेलाडी फाट्यावर उसाची ट्रॉली आडवी लागली आणि दहा मिनिटं गेली. प्रेरणानं हॉर्नही वाजवला नाही. फक्त घड्याळाकडे बघत राहिली. मार्गासनीचा थांबा आला आणि मागे गेला.

कात्र्यांचा आवाज मी व्हरांड्यातूनच ऐकला.

मुलं पुठ्ठ्यावर एक मोठा मोर करत होती. त्याच्या पिसाऱ्यात घोड्याचा पाय होता, अर्धं जहाज होतं. सगळं ऐकून शिवानीचा चेहरा उतरला.

“अगं, तूच म्हणालीस जादाचे आहेत.”

“मीच म्हणाले. चूक माझीच आहे.”

प्रेरणा फरशीवर बसली आणि एकेका तुकड्यावर मला फिरवू लागली. हरीण कुठेच दिसेना. तिनं मुलांना हरणाबद्दल विचारलं. तेव्हा एका मुलीनं मागच्या ओळीकडे बोट केलं. “बाई, शुभ्राकडं हाय. तिनं मघाधरनं एक बी कापला न्हाई.”

शुभ्रानं मूठ उघडली. हरीण अख्खं होतं, चारी कडांसकट.

“का नाही कापलंस?” प्रेरणानं विचारलं.

“त्ये पान खातंय,” ती म्हणाली. “त्याचं खाऊन न्हाई झालं अजून.”

मित्रांनो, तिच्या हातात भिंग नव्हतं.

प्रेरणानं मला हरणावर धरलं. तांदळाच्या कणीएवढं हिरवं पान, हरणाच्या ओठांत. दहा मोजून झाले, पुन्हा दहा मोजून झाले. या वेळी तिनं घाई केली नाही.

एकतीस भावंडांपैकी एकोणीस वाचली. मोरावरचे तुकडे तिनं उचकटले नाहीत. तो मोर आजही शाळेत आहे. घरी परतल्यावर तिनं वहीतल्या बारा नोंदींखाली पेन्सिलीनं लिहिलं : ‘कापला गेला. मी नीट पाहिलं नाही.’ बाराही वेळा पूर्ण वाक्य लिहिलं.

आता मी वहीशेजारीच असतो. मला धुळीपासून जपा, असं मी सांगणार नाही. माझी काच पुसता येते. एवढंच सांगतो, की दोन गोष्टी सारख्याच आहेत असं म्हणण्याआधी परत बघा. दाखवणारा माणूस समोर बसला आहे, तोवरच बघा.

वहीत आता दोन हरणं शेजारी आहेत. एकाचं तोंड रिकामं आहे. दुसऱ्याचं खाणं अजून चाललं आहे.