बोंडाची झूल

इनायतुल्ला चाचांनी मला एकच प्रश्न विचारला होता. "दुसऱ्याचा छाप हाय, विपुलभाऊ. परवानगीचा कागद हाय ना तुमच्याजवळ?"

मी काउंटरवर बियाण्याची पाकिटं रचत होतो. वर न बघताच म्हणालो, "हाय ना चाचा. तुमी शिवा बिनधास्त."

कागद नव्हता. बियाणं कंपनीच्या विक्री प्रतिनिधीला फोनवर विचारलं, तर तो हसून "करा की, आपलीच जाहिरात" म्हणाला, एवढंच. तेल्हाऱ्यात माझं कृषी केंद्र आहे, कंपनीचं बियाणं मीच विकतो. मला वाटलं, घरचाच मामला. शहाणपण उतू चाललं होतं, दुसरं काय!

चाचा पोळ्यासाठी बैलांच्या झुली शिवतात. पायाने चालवायची जुनी भरतकामाची मशीन होती त्यांची. तिच्या आवाजावरून चाचा दुकानात आहेत की नमाजला गेलेत, हे गल्लीला कळायचं. आदल्या हंगामात कंपनीच्या बियाण्यानं कापूस झकास दिला होता, म्हणून झुलीवर कंपनीचं चिन्ह काढायची टूम मीच काढली. लाल गोलात फुटलेलं पांढरं बोंड. चाचांनी ते असं उठवलं की हात लावून बघावं. लोक रांगेनं मागणी नोंदवायला लागले.

मग मी कळस केला. कंपनीच्या विक्रेत्यांच्या ग्रुपवर झुलीचा फोटो टाकला आणि खाली चाचांच्या दुकानाचा पत्ता. कौतुक म्हणून, खरंच कौतुक म्हणून. धोंडा मी सोडला, पाय मात्र चाचांचा होता.

पोळ्याला आठ दिवस असताना कंपनीचा वकील पोलीस घेऊन आला. विनापरवानगी चिन्ह वापरलं म्हणून झुली उचलल्या आणि मशीनही. तो प्रतिनिधी फोन उचलेना. "कोनं सांगतलं शिवाले?" जमादारानं विचारलं. मी दारातच उभा होतो. हो म्हटलं असतं तर माझी एजन्सी गेली असती. मी चपलेचा अंगठा नीट करत राहिलो.

चाचा म्हणाले, "कोनीच नाई सायेब. माह्याच मनानं शिवलं."

आता चाचांवर खटला अकोल्याला चालू आहे. मशीन मुद्देमालात पडून आहे. चाचा दुसऱ्याच्या दुकानात स्टुलावर बसून पँटींच्या चेन बदलतात. मागच्या तारखेनंतर एसटीत मी त्यांच्या शेजारी बसलो आणि एकदाचं बोललो, "चाचा, कागद नव्हताच माह्याजवळ."

"मालूम हाय," ते म्हणाले. "त्या दिवशी 'हाय' म्हनले, पन माह्याकडं पाह्यलं नाई तुमी. मले तवाच समजलं."

"मंग शिवलं कावून?"

"बोंड लय सुंदर उतरून राह्यलं होतं, भाऊ. हात थांबला नाई. थोडा गुन्हा माह्याबी हाय."

शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. त्यांनी अर्धा गुन्हा उचलला आणि माझा उरलेला अर्धा पूर्वीपेक्षा जड झाला.

पुढच्या तारखेला कोर्टात उभं राहून खरं सांगायचं, असं मी ठरवलंय. मागच्या तारखेलाही ठरवलं होतं.